मज्जातंतूंच्या जुन्या वेदना आणि विसराळूपणा: चिठ्ठीशिवाय मिळणारे वनौषधी पूरक घ्यावे का?

पाऊलवाट यांचा प्रश्न

माझे वय साठीच्या पुढे आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहामुळे पायांतील मज्जातंतूंना इजा झाली आहे आणि दोन्ही तळपायांची सतत आग होते. दिवसा कामात असताना ती कशीबशी सोसवते, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की चटके बसू लागतात, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो आणि झोप वरचेवर मोडते. मधुमेहासाठी मी मेटफॉर्मिन घेते, हृदयाच्या दृष्टीने अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन सुरू आहे आणि वेदनेसाठी प्रीगाबालिन आहे. प्रीगाबालिनने वेदना कमी झाली, पण थांबली नाही. म्हणून मध्यंतरी डॉक्टरांनी त्याची मात्रा वाढवली.

दुसरी तक्रार स्मरणशक्तीची आहे. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, बोलता बोलता मधेच विषय हातून निसटतो. व्यवहार मी सांभाळते, रस्ता चुकत नाही, हिशेबही जमतात. तरीही पूर्वीची तल्लखता राहिलेली नाही हे मला स्वतःला जाणवते, आणि पुढे हे कुठवर जाईल या विचाराने जीव धास्तावतो.

या दोन्ही तक्रारींवर एकच उपाय म्हणून एका वनौषधी कॅप्सूलची मला शिफारस करण्यात आली आहे. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. तिच्यात गिंको बायलोबा, ब्राह्मी, अश्वगंधा, मिरीच्या अर्कासह हळदीचा अर्क आणि काही ब जीवनसत्त्वे आहेत. नसांना बळ आणि स्मृतीला धार मिळते, असा वेष्टनावरचा दावा आहे. मला वनस्पतींबद्दल अविश्वास नाही आणि आंधळा विश्वासही नाही. या घटकांचा मज्जातंतूंच्या वेदनेवर खरोखर परिणाम होतो का, माझ्या चालू औषधांशी त्यांचा काही विरोध आहे का, आणि घेऊन पाहायचे ठरवले तर ते कसे घ्यावे म्हणजे गुण आला की नाही हे मला स्वतःला समजेल, एवढे मला जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी असे काही घेतले आहे किंवा ज्यांना औषधांचे ज्ञान आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खलबत्ता यांचे उत्तर

मी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतले आहे आणि औषधांच्या दुकानात रोज याच प्रकारच्या प्रश्नांना सामोरा जातो. तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून मीही नेमके लिहितो. मात्र कॅप्सूलकडे वळण्याआधी तुम्ही दिलेल्या माहितीतल्या एका गोष्टीवर मला थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे.

तुम्ही दोन तक्रारी सांगितल्या आणि दोघींवर मिळून एक उपाय शोधत आहात. त्याआधी दोघींचे कारण एकच आहे का, हे पाहायला हवे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता झाली तर तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा आणि आग होते. त्याच कमतरतेने विसराळूपणा आणि मनाची मंदताही येते. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२चे शोषण कमी होते ही चांगली प्रस्थापित गोष्ट आहे. २०२२ साली ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि बी-१२च्या कमतरतेची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांची पातळी तपासावी असा सल्ला दिला होता. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे ओमेप्राझोलसारखी औषधे घेणाऱ्यांना आणि प्राणिजन्य पदार्थ अजिबात न खाणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. मधुमेही रुग्णाच्या पायांची आग मधुमेहाचीच आहे असे सगळे गृहीत धरतात आणि तिच्यात मिसळलेली बी-१२ची कमतरता नजरेआड राहते. सर्वसाधारणपणे रक्तातील पातळी प्रति मिलिलिटर २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ती कमतरता मानतात; २०० ते ३०० या संशयाच्या पट्ट्यात बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणाऱ्या मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी करून निर्णय घेता येतो. ही कमतरता इंजेक्शनाने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळीने भरून काढता येते. पण दुर्लक्ष लांबले तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते, म्हणून इथे वेळेला महत्त्व आहे.

दुसरी शक्यता तुमच्या औषधाचीच आहे. प्रीगाबालिनमुळे गुंगी, चक्कर आणि लक्ष एकाग्र न होणे हे त्रास होतात, आणि काहींना ते विसरणे म्हणूनच जाणवतात. शिवाय हे औषध यकृतात मोडले जात नाही, जवळजवळ सगळेच मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मधुमेहात मूत्रपिंडांची क्षमता हळूहळू घटू शकते. ती घटली असेल तर नेहमीची मात्राही शरीरात साचते आणि डोक्यावर मळभ आल्यासारखे वाटते. मात्रा वाढवल्याच्या आसपास विसरणे वाढले का, हे आठवून पाहा. उत्तर होकारार्थी असले तरी औषध मनानेच बंद करू नका. ते अचानक सोडल्यास निद्रानाश, घाम, बेचैनी आणि क्वचित आकडीही येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करतात.

आता कॅप्सूलमधील घटक पाहू. गिंकोचा स्मृतीसाठी झालेला अभ्यास मोठा आहे आणि त्याचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना गिंकोचा अर्क १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिले गेले, आणि त्यांच्यावर सुमारे सहा वर्षे लक्ष ठेवले गेले. गिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना आणि न घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला; म्हणजे प्रतिबंधाचा कोणताही लाभ दिसला नाही. फ्रान्समध्ये ७० वर्षांवरील २,८०० हून अधिक व्यक्तींवर पाच वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले आणि त्यांनीही हेच सांगितले. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी तर गिंकोला मोठ्या मानवी चाचण्यांचा आधारच नाही. अ‍ॅस्पिरिनसोबत गिंकोने रक्तस्राव वाढतो का, यावर नियंत्रित चाचण्यांत ठळक फरक आढळलेला नाही. परंतु रक्तस्रावाच्या तुरळक घटना नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे लाभ अनिश्चित असताना ही जोखीम मी सुचवणार नाही. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असते तर मी स्पष्ट नकारच दिला असता.

ब्राह्मीची बाजू त्यामानाने थोडी बरी आहे. बॅकोपा मोनिएरी या वनस्पतीच्या प्रमाणित अर्काच्या, बहुधा रोज ३०० मिलिग्रॅम मात्रेच्या आणि साधारण १२ आठवड्यांच्या अशा अनेक लहान चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांतील काहींत शब्द आठवण्याच्या कसोटीवर अल्पशी सुधारणा दिसली. ती दिसायला आठवडे लागतात आणि मळमळ, पोटात कळा, जुलाब हे त्रास होऊ शकतात. बाटलीवर शास्त्रीय नाव आहे का ते अवश्य पाहा, कारण मंडूकपर्णीही याच नावाने विकली जाते आणि ती वेगळी वनस्पती आहे.

अश्वगंधेने झोप काहीशी सुधारते असे दाखवणारे लहान अभ्यास आहेत, पण प्रीगाबालिनच्या जोडीला तिने गुंगी वाढू शकते. ती थायरॉइडच्या संप्रेरकांवर परिणाम करते, आणि यकृताला इजा झाल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. मधुमेहावरील औषधांसोबत साखर अपेक्षेपेक्षा खाली जाण्याची शक्यताही धरून चालावे लागते. हळदीच्या अर्काबाबत मला विशेष सावध करायचे आहे. स्वयंपाकातल्या हळदीला हे लागू नाही. हळदीतील मुख्य घटक, शुद्ध कर्क्युमिन, शरीरात फारच थोडे शोषले जाते. १९९८ सालच्या एका प्रयोगात मिरीतील पायपरिन दिल्यावर त्याचे शोषण वीसपट वाढलेले आढळले. शोषण असे वाढवलेल्या मिश्रणांमुळे यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या घटना गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या. शिवाय पायपरिन कर्क्युमिनपुरते थांबत नाही, आकडीवरील फेनिटॉइनसारख्या इतर औषधांची रक्तातील पातळीही ते वाढवते.

राहता राहिली ब जीवनसत्त्वे. नसांना बळ देणाऱ्या मिश्रणांत बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, भरपूर घातलेले असते, आणि हेच जीवनसत्त्व अतिरेकी मात्रेत दीर्घकाळ घेतले तर मज्जातंतूंना इजा करते. १९८३ साली रोज काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या हातापायांची संवेदना गेली होती आणि त्यांना नीट चालता येत नव्हते. त्यानंतर कितीतरी कमी मात्रांतही असे त्रास नोंदले गेले. २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली, तर अमेरिकेत ती १०० मिलिग्रॅम आहे. पायांची आग शमवण्यासाठी घेतलेल्या गोळीनेच ती वाढावी आणि ती वाढली म्हणून माणसाने गोळ्या वाढवाव्यात, हे दुष्टचक्र मी प्रत्यक्ष पाहिले आहे. आपल्या कॅप्सूलवर बी-६ची मात्रा किती लिहिली आहे ते कृपया इथे लिहा.

दीपमाळ यांचे उत्तर

वरील उत्तर माहितीपूर्ण आहे आणि त्यातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत. तरी रुग्णाची बाजू थोडी अधिक मांडली जावी असे वाटते. मला नागीण होऊन गेली, पुरळ बरे झाले, पण बरगड्यांच्या पट्ट्यात मज्जातंतूंची वेदना कायमची राहिली. कपडा अंगाला लागला तरी वीज चमकल्यासारखी कळ येत असे. अशा अवस्थेत माणूस वनस्पतींकडे वळतो त्याचे कारण अज्ञान नसते. उपलब्ध औषधांचा गुण मर्यादित असतो, आणि हे त्याच्या अनुभवाला आलेले असते.

हे मी मोघम बोलत नाही. २०१५ साली मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधांचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार निष्क्रिय औषधाच्या तुलनेत एका अधिक रुग्णाची वेदना निम्म्याने कमी व्हावी यासाठी प्रीगाबालिन सुमारे आठ जणांना, गाबापेंटिन आणि ड्युलोक्सेटिनसारखी औषधे सुमारे सहा जणांना, तर अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या गटातील औषधे तीन ते चार जणांना द्यावी लागतात. म्हणजे प्रथम पसंतीची औषधेसुद्धा अनेकांना पुरेशी पडत नाहीत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन मला लागू पडले, पण त्याने तोंड कोरडे पडे आणि सकाळी डोके जड राही. वाढत्या वयात या गटातील औषधांनी विसराळूपणा वाढतो म्हणून डॉक्टरांनी ते पुढे कमी केले. अशा रुग्णाने दुसरा आधार शोधला तर त्याला दोष देता येणार नाही.

वनस्पतीपासून मिळालेला एक उपाय मात्र या वेदनेवर खरोखर कसोटीला उतरला आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो, ते त्वचेवर लावल्यास वेदनेचा संदेश नेणारी टोके आधी उद्दीपित होतात आणि नंतर काही काळ शांत पडतात. सौम्य मलम, साधारण ०.०७५ टक्क्यांपर्यंतचे, अनेक ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळते. ते दिवसातून तीन-चार वेळा आणि काही आठवडे नियमाने लावावे लागते, आणि सुरुवातीला आग वाढते म्हणून बरेच जण ते लगेच सोडून देतात. ८ टक्क्यांची पट्टी फक्त दवाखान्यात लावतात आणि तिचा परिणाम सुमारे तीन महिने टिकू शकतो. अमेरिकेत २०२० सालापासून मधुमेहाच्या पायांतील वेदनेसाठीही तिला मान्यता आहे. मला मलमाने बराच आराम मिळाला. हात स्वच्छ धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत, आणि जखम किंवा भेग असलेल्या त्वचेवर ते मुळीच लावू नये. ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी डॉक्टरांना पाय दाखवूनच हा उपाय करावा.

ब्राह्मीचा प्रमाणित अर्कही मी घेतला आहे. मला त्यापासून अपाय झाला नाही, आणि स्मरण थोडे बरे झाल्यासारखे वाटले. पण त्याच काळात माझी झोप सुधारली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

उंबरठा यांचे उत्तर

मी माझ्या आईची काळजी घेते. तिलाही पायांच्या मुंग्या आणि विसराळूपणा या दोन तक्रारी एकत्रच होत्या, म्हणून लिहिते आहे.

विसरण्याच्या तक्रारीला घरातले लोक लगेच स्मृतिभ्रंशाचे नाव देतात आणि रुग्ण मनातून खचतो. आईच्या डॉक्टरांनी आधी बरे होऊ शकणारी कारणे तपासली. थायरॉइडची मंदता, बी-१२ची कमतरता, नैराश्य, झोपेत श्वास अडकणे, ऐकू कमी येणे आणि चालू असलेल्या औषधांची पूर्ण यादी हे सगळे त्यात आले. थायरॉइडची मंदता निघाली. ती स्मरण मंदावते आणि हातापायांना मुंग्याही आणते. उपचार सुरू झाल्यावर दोन्ही तक्रारी हळूहळू कमी झाल्या. सगळ्यांच्या बाबतीत असे होईल असा माझा दावा नाही, पण कारण शोधण्याआधी तिला कॅप्सूल सुरू केल्या असत्या तर पुढे कशाने काय झाले हे कोणालाच सांगता आले नसते.

पाऊलवाट, तुम्ही लिहिलेल्या तपशिलातून मला थोडा धीर देणारी गोष्ट दिसते. तुम्हाला स्वतःला विसरणे जाणवते, ते नेमक्या शब्दांत सांगता येते, व्यवहार आणि रस्ते सांभाळता येतात. सततची वेदना लक्ष खाऊन टाकते. मोडलेल्या झोपेमुळे दिवसभराचे नवे काही मनात नीट रुजत नाही. जे मुळात लक्षपूर्वक ऐकलेच गेले नाही ते नंतर आठवणार तरी कसे? याउलट, जवळच्या लोकांना रुग्णापेक्षा अधिक बदल दिसू लागले, ओळखीच्या वाटेवर माणूस हरवू लागला, औषधे दोनदा घेतली जाऊ लागली किंवा स्वभाव पालटला, तर मात्र थांबून राहू नये. घरातील एखाद्या व्यक्तीला तुमच्यासोबत डॉक्टरांकडे घेऊन जा. आपल्याला न दिसणारे तिला दिसलेले असते.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मी बाटली पुन्हा नीट वाचली. बी-६ची मात्रा दिवसाला ५० मिलिग्रॅम आहे. वनस्पतींची नावे दिली आहेत, पण प्रत्येकीची वेगळी मात्रा दिलेली नाही. सगळ्यांचे मिळून एकच वजन लिहिले आहे आणि ब्राह्मीचे शास्त्रीय नाव कुठेच नाही. जुनी कागदपत्रे चाळली तेव्हा साखरेच्या आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या नियमित झालेल्या दिसल्या, पण बी-१२ची नोंद आढळली नाही. प्रीगाबालिनची मात्रा वाढवल्यानंतर विसरणे वाढले, असे माझ्या मुलीचे म्हणणे आहे. मला त्याआधीही थोडे जाणवत होते.

तपासण्या होईपर्यंत कॅप्सूल सुरू करायची नाही, असे मी ठरवले आहे. दोन शंका उरतात. डॉक्टरांकडे वनौषधींचा विषय काढला की ते नाराज होतील असे मनात येते. तो कसा काढावा? आणि तपासण्यांनंतर एखादी वनस्पती घेऊन पाहायला त्यांनी हरकत घेतली नाही, तर गुण आला की केवळ वाटले हे ओळखायचे कसे? दीपमाळ यांच्या अनुभवात तीच अडचण दिसते.

खलबत्ता यांचे उत्तर

दीपमाळ यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत आणि त्यांची तक्रारही रास्त आहे. रुग्णाने शोध घेऊ नये असे मी म्हणत नाही. ज्या औषधाला परिणाम आहे त्याला दुष्परिणामही असू शकतो, आणि ते वनस्पतीलाही तितकेच लागू आहे, एवढाच माझा आग्रह आहे.

पाऊलवाट, ५० मिलिग्रॅम बी-६ मज्जातंतूंची इजा आधीच असलेल्या व्यक्तीने महिनोन्‌महिने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या इतर गोळ्यांत बी-६ आहे का तेही पाहा, कारण दोन-तीन पूरकांतून त्याची बेरीज होत जाते. वनस्पतींची मात्रा स्वतंत्रपणे न सांगणारे मिश्रण मी कोणालाच सुचवणार नाही. चाचण्यांत ज्या मात्रेचा अभ्यास झाला ती त्यात आहे की नाममात्र चिमूट आहे, हे कळण्याचा मार्गच राहत नाही. शुद्धतेचा प्रश्न तर निराळाच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बाजारातील ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिसे आणि आर्सेनिक हे दोन्ही मज्जातंतूंना आणि मेंदूला इजा करतात, म्हणजे ज्या तक्रारींसाठी उत्पादन घेतले त्याच तक्रारी त्याने वाढू शकतात. वेदनेवरच्या काही तथाकथित वनौषधी गोळ्यांत न सांगता मिसळलेले स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही नियामकांना सापडले आहे. स्टेरॉइडने मधुमेह्याची साखर भडकते, म्हणून दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या गोळीचा तुम्ही विशेष संशय घ्यावा. स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासलेले, एकाच वनस्पतीचे, शास्त्रीय नाव आणि अर्काचे प्रमाण लिहिलेले उत्पादन मिळाले तरच पुढचा विचार करावा.

डॉक्टरांशी बोलताना परवानगी मागण्याच्या सुरात बोलण्याची गरज नाही. बाटली सोबत न्या आणि सांगा की वेदना अजून इतकी आहे, विसरणे असे आहे, बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करावी का, मूत्रपिंडांच्या ताज्या अहवालानुसार प्रीगाबालिनची मात्रा योग्य आहे का, आणि रात्रीच्या वेदनेसाठी दुसरे काही बसते का. ड्युलोक्सेटिनचा विचार झालाच, तर सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती त्यासोबत कधीही घेऊ नका. दोन्ही मिळून सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकते. फॉलिक आम्लाची मोठी मात्रा बी-१२ तपासल्याशिवाय सुरू करू नये, हेही लक्षात असू द्या. तिने रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते.

गुण ओळखण्याबद्दल. माणूस नवा उपाय बहुधा वेदना कमाल पातळीला असताना सुरू करतो, आणि कमाल पातळीवरची वेदना काही दिवसांनी आपोआपच थोडी उतरते. त्यात आशेचा परिणाम मिसळतो, आणि वेदनेच्या चाचण्यांत तो लहान नसतो. म्हणून उपाय सुरू करण्याच्या आधीचे निदान दोन आठवडे रोज ठरावीक वेळी ० ते १० या पट्टीवर वेदनेचा आकडा लिहा, रात्री किती वेळा जाग आली ते लिहा, आणि मग एकाच वेळी एकच बदल करा. प्रीगाबालिनची मात्रा त्याच काळात बदलली तर त्या नोंदींचा उपयोग राहणार नाही. सरासरी सुमारे दोन अंकांनी किंवा ३० टक्क्यांनी खाली आली तर रुग्णाला फरक पडला असे वेदनेच्या अभ्यासात मानतात. शेवटची तारीख आधीच ठरवून ठेवा, ब्राह्मीसाठी १२ आठवडे, आणि तोवर फरक नसेल तर ती बंद करा. बंद केल्यावरही नोंद काही दिवस चालू ठेवा. स्मृतीसाठी आकडा देणे अवघड आहे. तिथे तुमच्या मुलीला तुमच्या नोंदी न दाखवता तिचे निरीक्षण वेगळे लिहायला सांगा.

लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज, भूक मरणे, विनाकारण जखमेसारखे निळे डाग किंवा साखर घसरल्याची लक्षणे दिसली, तर पूरक त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवा. पायांत अचानक बळ कमी झाले, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायाला न दुखणारी जखम दिसली, तर ते कोणत्याही पूरकाच्या कक्षेतले नाही. तातडीने दाखवावे लागते.

दीपमाळ यांचे उत्तर

खलबत्ता यांनी सांगितलेल्या नोंदीची पद्धत मी मलमाच्या बाबतीत वापरली होती आणि तिथे फरक आकड्यांत स्पष्ट दिसला; ब्राह्मीच्या बाबतीत तशी नोंद ठेवलेली नव्हती. आणखी एक गोष्ट राहून जाऊ नये. दात काढणे असो वा मोतीबिंदू, कोणतीही शस्त्रक्रिया ठरली की आपण घेत असलेले प्रत्येक पूरक भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. गिंकोसारखे पूरक ते काही दिवस आधी बंद करायला सांगतात, आणि बहुतेक रुग्ण ते औषधांच्या यादीत लिहीतच नाहीत.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

मोतीबिंदूची तारीख माझीही जवळ आली आहे, त्यामुळे ही सूचना वेळेवर मिळाली. बी-१२, थायरॉइड आणि मूत्रपिंडांच्या तपासण्यांसाठी मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि वेदनेची वही आजपासून सुरू केली आहे. अहवाल आले की त्यांतील आकडे इथेच लिहीन.